खच्याक!

जपानमध्ये विकलेला जवळजवळ कुठलाही फोन सायलेंट करा, आवाज शून्यावर न्या, फोटो काढला की तो 'खच्याक' करणारच. तो आवाज बंद करायचं बटण शोधू नका, दिलेलंच नाही. गंमत म्हणजे हा कायदा नाही. 2000 च्या सुमारास कॅमेऱ्याचे फोन आले, गर्दीच्या रेल्वेगाड्यांत बायकांचे चोरून फोटो काढायचे प्रकार सुरू झाले, तेव्हा कंपन्यांनी आपणहून पाळलेला हा रिवाज. चोरट्या अश्लील चित्रणाविरुद्धचा देशभराचा कायदा थेट जुलै 2023 मध्ये आला: 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 30 लाख येनपर्यंत दंड.

रिवाजाला भोकं आहेत. व्हिडिओला फक्त सुरू आणि बंद करताना टिंग होतं, मधे शांतता. आयफोनच्या 'लाइव्ह' फोटोचा आवाज दबका. आवाज न करणारी कॅमेऱ्याची ॲप्स तर राजरोस मिळतात. म्हणजे चोर सुटतो आणि झोपलेल्या तान्ह्याचा फोटो काढणारी आई सापडते. हॉटेलात ताटाचा फोटो काढावा, तर शेजारची चार टेबलं वळून बघणार. वैताग आहे नुसता! तरीही ज्याचा फोटो निघतोय त्याला कळलं पाहिजे, हा विचार मला पटतो.

जपानमध्ये रेल्वेगाडीतही फोनवर बोलायचं नाही. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बोलायचंच तर सहसा उठून दोन डब्यांमधल्या जागेत जायचं. म्हाताऱ्या-आजारी माणसांसाठीच्या राखीव आसनांजवळ गर्दी असेल तर फोन बंदच करायचा. कारण पेसमेकर, त्यापासून फोन 15 सेंटिमीटर लांब असावा, असं सरकारी मार्गदर्शन आहे.

आणि आपली सांगली-मिरज बस? हळदीचा सौदा कितीला निघाला, कुणाच्या सासूची शुगर किती, सगळं स्पीकरवर. जपानी लोकांना हे सांगायची लाज वाटते, हे कबूल. पण ऑगस्ट 2019 चा सांगलीचा पूर आठवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्या पुढे. कोण कुठल्या गच्चीवर अडकलंय, हे नाव, नंबर, पत्त्यासकट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होतं. तेव्हा खासगीपणा जपत बसलो असतो तर? फक्त पुढच्या वेळी मजकुरातच तारीख आणि वेळ लिहा. माणूस सुटल्यावर मूळ मेसेज पुसला तरी फॉरवर्ड झालेल्या प्रती फिरत राहतात आणि सुटलेल्या घराला फोन येत राहतात.

पूर नसताना मात्र व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट काढून स्टेटसला टाकायची हौस आवरा, मावशी-काकू! निदान व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज, प्रायव्हसी, स्टेटस इथे जाऊन कुणाला दिसावं ते निवडा. आधी निवडा, मग टाका. आधीच टाकलेल्या स्टेटसला नवी निवड लागू होत नाही.

आणखी एक. 'डॉक्युमेंट करून पाठव, क्लिअर येतो' हे आपल्याकडचं पेटंट वाक्य. साधा फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि त्यातली जागेची नोंदही काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि लोकेशन चालू असेल तर बारशाच्या फोटोबरोबर घराचे अक्षांश-रेखांशही जातात. त्याला जपानी फोनसुद्धा खच्याक करत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन बंद करा. जुन्या फोटोंतली नोंद मात्र त्याने जात नाही. ते साधेच पाठवा, थोडे धुरकट दिसले तरी चालतील.