सांवेरच्या शेतावरची कोजागिरी

इंदूरच्या घरी गच्चीवर कोजागिरी होतेच, पण यंदा काकांच्या आग्रहामुळे आम्ही सगळे सांवेरजवळच्या शेतावर गेलो. सोयाबीन नुकतेच निघाले होते, आणि मोकळ्या झालेल्या काळ्या रानात पाय ठेवला की कापलेल्या काडाची धसकटे चपलेतूनही टोचत होती. काकूंनी तीन दगडांच्या चुलीवर सात लिटर दूध चढवले. ते खाली लागू नये म्हणून आम्ही पाळीपाळीने उलथने फिरवत राहिलो, तरी माझ्या पाळीत ते थोडे लागलेच, आणि केशर, वेलदोडा, जायफळ घातल्यावरही तो धुरकट वास गेला नाही. मला तो आवडला, हे काकूंना सांगितले नाही. शेजारच्या माळवी कुटुंबाने शरद पौर्णिमेची खीर चांदण्यात ठेवली होती. तीही वाटीभर आमच्याकडे आली. चंद्राला नैवेद्य दाखवल्यावर आजीने आश्विनीचे निरांजन लावले. थोरल्या अपत्याला ओवाळायचे म्हणून पाटावर मी बसलो, पन्नाशी उलटलेला, आणि माझी मुले मागे उभी राहून हसत होती.