बागेत नेपाळी कशाला?

मे महिन्यात घरी आलेला पाहुणा पहिला हापूस संपवून हात धुता धुता हमखास विचारतो, "एवढं गाव आहे, मग बागेत नेपाळी कशाला? गावची पोरं आळशी झाली वाटतं." एरवी मी हसून विषय बदलतो. तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकायला पडवीत बसलातही, म्हणून सांगतो.

आमच्या वाडीत तेवीस घरं. नऊ कुलूपबंद, ती गणपतीला नि शिमग्याला उघडतात. उरलेल्या चौदांत मिळून एकतीस माणसं. अठरा साठीच्या पुढची, पाच शाळेत जाणारी. राहिली आठ. त्यांतल्या पाच बाया, घर, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळून जेमतेम भात लावतात. पुरुष तीन. एक वडाप चालवतो, एक रत्नागिरीत कंपनीत जातो आणि तिसरा मी, एकावन्न वर्षांचा, उजवा गुडघा गेलेला. आता झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, देऊन कलमावर कोणाला चढवू?

हे आमच्याच वाडीचं दुखणं नाही. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे १७ लाख माणसं होती, २०११ साली १६ लाख १५ हजार उरली. त्या दहा वर्षांत महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला आणि लोकसंख्या घटली ती फक्त तीन जिल्ह्यांत: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. आमची माणसं ज्या मुंबईत गेली, ती मुंबईही आकसत होती. गिरण्या संपल्या, चाळी विकल्या, चाकरमानी दिवा, डोंबिवली, विरारकडे सरकला. गावाकडे मात्र परतला नाही.

पण माझ्या मते पाच टक्के घट ही खरी गोष्ट नव्हेच. पाच टक्के माणसं कमी झाली म्हणून बाग अडत नाही. कोणती कमी झाली ते बघा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया. म्हणजे गेलं ते वीस ते पन्नासमधलं पुरुषमाणूस. पूर्वीही जायचं, पण मनीऑर्डर यायची आणि घरात पाच-सहा पोरं असायची. दोन गेली तरी दोन मागे राहत. आता एक किंवा दोन. ती बारावी झाली की गाडीत बसतात. आमच्या शाळेचा पट दरवर्षी खाली येतो, तेव्हा मास्तरांइतकाच घोर बागायतदारालाही लागायला हवा.

आणि गंमत बघा, माणसं कमी होत होती तेव्हाच कामं वाढत होती. १९९० साली रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू झाली. वडलांनीही सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, खड्डे मारून कलमं लावली. आता ती उंच झाली, फवारणीला पंप, पाइप आणि तीन माणसं लागतात. लावताना हात मोजले नाहीत.

नेपाळी दसऱ्यानंतर येतात, आमच्याकडे त्यांना गुरखेच म्हणतात. गवत काढणं, मोहरावर तुडतुडा किडीसाठी फवारणी, रात्रीची राखण, वानर हाकणं, मग तोडणी, पेट्या भरणं. पावसाआधी परत, कारण तिकडे त्यांची स्वतःची शेती असते. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे सीमा खुली आहे, त्यामुळे व्हिसाबिसाची भानगड नाही.

"मजुरी वाढवा, पोरं येतील," असंही तुम्ही म्हणाल. वाढवली की! माझ्या पुतण्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, आठ महिन्यांचं देशील, पावसातल्या चार महिन्यांचं कोण देणार? आणि आंबा नाही लागला त्या वर्षी?" दिव्याला तो दाटीवाटीत राहतो, पण पगार बारा महिने येतो. त्याच्या हिशोबात मला चूक सापडली नाही.

आमच्याकडचा म्होरक्या चौदा वर्षं येतोय. एकदा त्याने मोबाइलवर गावचे फोटो दाखवले. डोंगर, पायऱ्यांची शेतं, आणि शेतात वाकलेल्या म्हाताऱ्या. पोरं कुठे म्हटलं, तर म्हणाला कतार, मलेशिया. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे २२ लाख माणसं परदेशात असल्याची नोंद आहे, देशाची लोकसंख्या तीन कोटींच्याही आत असताना. मी त्याला आमच्या वाडीतली कुलपं दाखवली होती, त्याने मला त्याच्या वाडीतली दाखवली.

गेल्या हंगामात ते अकरा जण होते. यंदा फोन आला, सातच येतोय. पुढच्या वर्षी त्याचा धाकटाही आखातात जाणार म्हणतो. सड्यावरची साठेक कलमं यंदा फवारली नाहीत, मोहर काळा पडला. तुम्ही आता खाल्लात तो खालच्या बागेतला.