लाईट एकदा, फोन तीनदा

"साहेब, लाईट एकदाच आली आणि फोन तीनदा वाजला. घरातले सगळे उठले ना!" रात्री दीडची थ्री-फेज लाईट, आणि सकाळी सातला निफाडकडच्या एका काकांची ही तक्रार.

आमचं यंत्र विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बसतं. लाईट आली की ते टू-जी सिमवरून सर्व्हरला कळवतं आणि सर्व्हर शेतकऱ्याला फोन लावतो. यूडीपीवरून (यात पोच आपोआप मिळत नाही) निरोप धाडायचा, पोच आली नाही तर पुन्हा धाडायचा, दर खेपेला दुप्पट थांबून. हा प्रोटोकॉल, म्हणजे निरोपांची ही नियमावली, मीच लिहिलेली. पहिला टाइमआउट, म्हणजे पोचेची वाट बघायची मुदत, ८०० मिलिसेकंद, कारण पुण्यात ऑफिसच्या वायफायवर पोच ७०-८० मध्ये यायची. दसपट धरली, म्हटलं झालं.

लॉग काढला. मॉडेम निवांत पडलेला असला की पहिल्या पॅकेटला आधी टॉवरकडे चॅनल मागावा लागतो, त्यामुळे पहिली पोच २४४० मिलिसेकंदांनी येत होती. तोवर निरोप ०, ८०० आणि २४०० ला असा तीनदा निघालेला. सर्व्हर तिन्ही प्रती नव्या समजून तीन फोन लावायचा. निरोपाला क्रमांक देऊन जादा प्रती टाकून द्यायला लावल्या आणि काकांची झोप त्याच दिवशी वाचवली. पॅकेटं मात्र तिप्पटच जात होती.

मग टीसीपीची, म्हणजे पोच घेऊन निरोप धाडणाऱ्या इंटरनेटच्या प्रोटोकॉलची, रीत उचलली: आरएफसी ६२९८ या इंटरनेटच्या नियमपत्रातली. टाइमआउट म्हणजे सरासरी विलंब, अधिक चढउताराची चौपट. त्यातली किमान एक सेकंदाची अट 'आपल्याला कशाला' म्हणून गाळली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तीनाच्या जागी पाच प्रती! लॉगमध्ये पहिलंच माप होतं ४० मिलिसेकंद. टू-जीवर ४०? पोच होती पहिल्या प्रतीची, आणि माझा कोड मोजत होता शेवटच्या प्रतीपासून: २४४० वजा २४००. पहिल्या मापावर टाइमआउट तिप्पट धरतात, म्हणजे १२० मिलिसेकंद. जितकी घाई, तितकं माप खोटं, तितकी आणखी घाई.

हा घोळ जुनाच आहे. कार्न आणि पार्ट्रिज या नेटवर्क संशोधकांनी १९८७ मध्ये त्यावर नियम दिला: पुन्हा पाठवलेल्या निरोपाचं माप धरूच नका. मी तेवढंच वाचून बसवलं, आणि यंत्र ८०० वरच अडकलं. प्रत्येक निरोप पुन्हा जायचा, म्हणून एकही माप धरलं जाईना. नियमाचा उरलेला अर्धा भाग नंतर डोळ्यांखाली आला: स्वच्छ माप मिळेपर्यंत वाढलेला टाइमआउट पुढच्या निरोपालाही लागू ठेवायचा.

शेवटी वेगळीच वाट धरली. पॅकेटमध्ये एक बाइट वाढवला, 'कितवी खेप'. सर्व्हर पोच देताना तो तसाच परत करतो, त्यामुळे कुठल्या प्रतीची पोच हा प्रश्नच उरत नाही. (क्विक या नव्या इंटरनेट प्रोटोकॉलमध्ये तर प्रत्येक पॅकेटला नवाच क्रमांक असतो.) आता पहिलं माप २४४०, टाइमआउट ७.३ सेकंद. पुढची पोच ७०० मध्ये आली तरी तो उतरला नाही, उलट ७.६ झाला! कागदावर आकडेमोड केली तेव्हा पटलं: पोच लवकर आली खरी, पण फरक मोठा, म्हणून चढउतार वाढला. पुढच्या मापांनी तो हळूहळू खाली येतो.

राहिला फीडर, म्हणजे शेतांना वीज देणारी लाइन. लाईट आली की त्यावरची आमची चाळीसेक यंत्रं एकाच क्षणी जागी होतात आणि एकाच टॉवरवर तुटून पडतात. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यातला वेग अशाच गर्दीत सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता, तेही चारशे यार्डांच्या अंतरावर. म्हणून छोट्या यंत्रांसाठीच्या कोॲप प्रोटोकॉलसारखा पहिला टाइमआउट २ ते ३ सेकंदांत कुठेही ठेवला आणि पहिला निरोपही वीस सेकंदांच्या आत मन मानेल तेव्हा सोडला. लाईटचा फोन वीस सेकंद उशिरा आला म्हणून कुणाचा ऊस वाळत नाही.

महिन्याने काकांचा पुन्हा फोन. "साहेब, आता एकदाच वाजतो. परवा जागच आली नाही, पाणी राहिलं."

सर्व्हरवर अट टाकली: फोन उचलला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा, मग दहा मिनिटांनी.