हेलियम आल्यावर कळवू

झिंक क्रोमाइटसारख्या फ्रस्ट्रेटेड ऑक्साइडवर पीएचडी करणाऱ्यांसाठी लिहितोय. सॅम्पल बनवणं होऊन जातं, त्यात काही नाही, खरी कटकट ते मोजून घेताना होते.

ह्यात क्रोमियमचे स्पिन, म्हणजे अणूंचे छोटे चुंबक, टेट्राहेड्रॉनच्या कोपऱ्यांवर बसतात, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं आणि चौघांना ते एकदम जमत नाही (हेच फ्रस्ट्रेशन), म्हणून क्युरी-वाईस तापमान (स्पिनमधला जोर किती ते सांगणारा आकडा) उणे 390 केल्विनच्या आसपास असूनही ऑर्डर, म्हणजे स्पिनची नियमित मांडणी, येते ती 12 केल्विनजवळ. त्यात झिंकच्या जागी 3 टक्के कॅडमियम घातलं की तीही मोडते, स्पिन ग्लाससारखे, म्हणजे वाटेल त्या दिशेला तोंड करून, गोठतात. गंमत म्हणजे कॅडमियम स्वतः मॅग्नेटिकच नाही, आयन मोठा म्हणून आजूबाजूचे बाँड ताणतो, बस.

आता हे सिद्ध करायला झेडएफसी-एफसी (फील्ड न लावता आणि लावून थंड केल्यावर मोजलेले दोन वक्र) फाटलं एवढं पुरत नाही, ते सुपरपॅरामॅग्नेटिक कणांतही (प्रत्येक कण एका चुंबकासारखा वागतो अशा बारीक कणांत) फाटतं. एसी ससेप्टिबिलिटीच लागते, म्हणजे उलटसुलट होणारं छोटं फील्ड लावून सॅम्पलचा प्रतिसाद मोजायचा. आमच्याकडे मशीन नाही म्हणून दुसरीकडे नंबर लावला आणि तिथे जे अडकलो! फॉर्मवर गाईडची सही, एचओडीचा (विभागप्रमुखांचा) शिक्का, मग ‘सॅम्पल विषारी आहे का’ ह्यावर कॅडमियम म्हणून ‘हो’ लिहिलं तर फॉर्म सेफ्टी कमिटीकडे, कमिटीची मीटिंग कधी ते कुणालाच माहीत नाही. ती झाली तर मशीन थंड करायचं हेलियम संपलेलं. फोन केला की एकच उत्तर, "हेलियम आल्यावर कळवू." कळवलं कधीच नाही, मीच विचारत राहिलो. शेवटी डेटा आला तर नुसता डीसी, स्थिर फील्डमधला! का, तर फॉर्ममध्ये एसीचा रकानाच नाही. "एसीची वेगळी रिक्वेस्ट टाका," म्हणे, म्हणजे परत रांगेच्या शेवटी. डोकं फिरलं.

तर ‘रिमार्क्स’मध्ये पहिल्यांदाच एसी, कुठल्या फ्रीक्वेन्सी, कुठल्या तापमानात बारीक स्टेप, सगळं लिहा. फ्रीक्वेन्सी दहापट केल्यावर पीक (स्पिन गोठतात तिथला वक्राचा उंचवटा) तापमानात टक्का-दोन टक्केच सरकतो, हे सरकणंच स्पिन ग्लासची खूण, एक केल्विनची स्टेप ठेवली तर काही दिसणार नाही.

हां, आणि पावडर स्टीलच्या चमच्याने उचलू नका, लोखंडाचा कण गेला तर बोंब, प्लास्टिकचा वापरा. झेडएफसी निगेटिव्ह आलं तर लगेच नवीन फिजिक्स सापडलं म्हणून नाचू नका, मॅग्नेटमध्ये जुनं फील्ड अडकलेलं असतं, ऑपरेटरला आधी फील्ड ऑसिलेट करून शून्यावर आणायला सांगा. दुसऱ्या खेपेला मी स्वतः मशीनशेजारी बसून हे करून घेतलं आणि पीक सरकला, अगदी हवा तेवढाच.