लव्हाळ्याशी दोन तास

आज आमच्या सामूहिक बागेत श्रमदान होतं. यादीत १४ नावं, प्रत्यक्षात खुरपं हातात घेतलेले आम्ही ६. असो.

माझ्या वाट्याला वाफ्यांमधली पायवाट आली, म्हणजे लव्हाळा हे चिवट तण आलं. वरून ओढला की पातं हातात येतं आणि आपण खूश होतो. खाली मात्र काळपट गाठी, दोऱ्यात ओवल्यासारख्या एकीला एक जोडलेल्या. एखादी राहिली तरी पुन्हा कोंब फुटतो. दोन तास खणून जेमतेम चार हात वाट साफ झाली, पण अर्धं घमेलं गाठी निघाल्या. त्या कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत, कडक उन्हात वाळवायच्या. हे मी ओरडून सांगेपर्यंत एकाने मूठभर टाकल्याच होत्या!

त्या शोधायला ढीग उकरला, तर नाकात झिणझिण्या. ओला कचरा सगळे ओततात, वर सुका पाला कोणी घालत नाही. सुक्या पाल्यात कार्बन जास्त, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन; ढिगात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३०ला १ हवं. नायट्रोजन जास्त झाला की अमोनिया होऊन उडतो, तोच हा वास. दोन पोती वाळकी पानं मिसळून ढीग पलटला, तेव्हा कुठे तिथे उभं राहवलं.

स्वतःचा वाफा प्रत्येकाचा चकाचक. गळका नळ, कुंपण, वाट मात्र 'सगळ्यांची'. गेले दोन महिने मीही दांडी मारली होती, त्यामुळे जास्त बोलत नाही.

ता. क. लाल मुठीचं खुरपं कोणी नेलंय? धुऊन जागेवर ठेवा.