डेन्व्हर ते मोआब, मागे ट्रेलर: काट्यावरचे आकडे आणि आय-७० चे घाट

आई-बाबा साताऱ्याहून आले होते, मुलीला शाळेला सुट्टी होती आणि ट्रेलर दारात उभा होता. डेन्व्हरहून आय-७० या महामार्गाने पश्चिमेला कोलोरॅडोतलंच फ्रुटा, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी युटातलं मोआब असा बेत ठरला. रस्त्याची वर्णनं भरपूर सापडतात. मी इथे मुख्यतः वजनाबद्दल लिहिते आहे, कारण पिकअप घेतलेली आपली बरीच मराठी कुटुंबं जाहिरातीतला एकच आकडा पाहून ट्रेलर निवडतात आणि पाहुणे आले की त्याच ट्रकमध्ये पाच जण बसवून कोलोरॅडोच्या घाटात निघतात. मला याची खरंच काळजी वाटते.

आमचा ट्रक हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधला सर्वांत हलका वर्ग. कागदावर ओढायची क्षमता १०,४०० पौंड. आमचा २५ फुटी ट्रेलर सामानासकट ६,२०० पौंडांचा. बाबा म्हणाले, "अगं, मग एवढं मोजतेस काय? निम्म्यापेक्षा थोडंच तर जास्त आहे." वरवर पाहता बरोबर. पण १०,४०० हा आकडा येतो एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या जे२८०७ या चाचणीतून. त्यात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरतात. चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या चढावर होते: ११.४ मैल, एसी पूर्ण चालू, वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. परीक्षा कडक आहे, पण तो चढ साडेतीन हजार फुटांच्या आसपास संपतो. आमचं डेन्व्हर मुळात ५,२८० फुटांवर!

खरा आकडा असतो ड्रायव्हरच्या दारातल्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर. माणसं आणि सामान मिळून इतक्याच्या वर जाऊ नका, असं तिथे लिहिलेलं असतं. आमचा आकडा १,५६० पौंड, म्हणजे जेमतेम ७०७ किलो. ट्रेलरचा जो भार हिचच्या (ट्रकमागच्या जोडणीच्या) बॉलवर येतो, तो टंग वेटसुद्धा यातूनच जातो. साध्या ट्रेलरला तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. आमचा बसतो ७८० पौंड. पाच माणसांचे ६४०, हिचचं डोकं आणि बार (बॉलवरचा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर वाटणाऱ्या दांड्या) ९०, हौद्यातला कूलर, जनरेटर वगैरे १३०. बेरीज १,६४०. झाला की कोटा पार! आणि १०,४०० पौंडांचा ट्रेलर खरंच जोडला असता, तर टंग वेटच १,३०० च्या घरात गेलं असतं. ट्रक ओढेल हो, पण मागचा ॲक्सल, टायर आणि पुढच्या चाकांची पकड यांचं काय?

हिचवरही एक स्टिकर असतो. वाकून, टॉर्च लावून वाचावा लागतो, बहुतेक वेळा चिखलाखाली असतो. आमच्या रिसीव्हरवर, म्हणजे हिचच्या ट्रकला बसवलेल्या भागावर, दोन ओळी आहेत. नुसत्या बॉलवर ट्रेलर टेकवला तर ५,००० पौंड आणि टंग वेट ५००. भार वाटणारे ते वेट डिस्ट्रिब्यूशन बार लावले तर त्याहून बरंच जास्त. म्हणजे ६,२०० पौंडांना बार लावायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. बॉलवर त्याची क्षमता कोरलेली असते, बॉल बसतो त्या शँकलाही वेगळी मर्यादा असते. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत लहान, तो तुमचा.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना गाडीत बसवून, टाकी भरून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर गेलो. अगदी आपला वजनकाटाच, फक्त तीन पट्ट्यांचा: पुढची चाकं एका पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. तीन वेळा वजन करायचं. बार ताणून, मग बार सोडून, मग ट्रेलर बाजूला लावून नुसता ट्रक. २४ तासांच्या आत पुन्हा केलेलं वजन स्वस्तात होतं. आमच्या पावत्या अशा आल्या. नुसता ट्रक: पुढे ३,२००, मागे २,९००. ट्रेलर जोडून, बार सोडून: पुढे २,८६०, मागे ४,०२०, ट्रेलर ५,४२०. बार ताणून: ३,०८०, ३,६८० आणि ५,५४०.

या आकड्यांकडे जरा थांबून बघा. ट्रेलर जोडताच पुढच्या चाकांवरून ३४० पौंड उचलले गेले. ज्या चाकांनी गाडी वळते आणि ब्रेकचा मोठा भार घेते, तीच हलकी झाली. बार ताणल्यावर त्यातले २२० परत आले आणि १२० पौंड ट्रेलरच्या चाकांवर गेले. ट्रकचं एकूण वजन ६,८८० वरून ६,७६० झालं. कंपनीची मर्यादा ६,८००. चाळीस पौंडांची शिल्लक मी शिल्लक मानत नाही. कूलर, जनरेटर आणि बॅगा हौद्यातून काढून ट्रेलरच्या बरोबर चाकांवर, जमिनीलगत ठेवल्या. मागच्या टोकाला ठेवायचं नाही, त्याने टंग वेट कमी होतं आणि ट्रेलर डुलायला लागतो. पाण्याची टाकी रिकामी नेली. एक गॅलन पाणी ८.३ पौंड भरतं, ३० गॅलनचे अडीचशे पौंड घाट चढवून काय करायचंय? जळाऊ लाकडंही मोआबलाच घ्या, झाडांची कीड इकडून तिकडे नेऊ नये म्हणूनही तेच बरं.

उंचीचा हिशोब वेगळा. काही कंपन्यांच्या टोइंग गाइडमध्ये दर १,००० फुटांमागे ट्रक-ट्रेलरचं एकत्रित वजन २ टक्के कमी धरायला सांगतात. वाटेतला आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे २२ टक्के. आमची एकत्रित मर्यादा १६,०००, तिथे ती होते १२,४८०. आम्ही १२,३००. टर्बो इंजिन विरळ हवेत कमी दमतं, तरी रेडिएटर आणि ब्रेक यांना ती सवलत नाही.

चढ निमूट पार पडला. उजवी लेन, टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारी सेटिंग), ताशी ४५-५०. कसोटी बोगद्यातून बाहेर पडल्यावर: सिल्व्हरथॉर्नपर्यंत साधारण ८ मैल, ७ टक्क्यांपर्यंतचा उतार, बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रॅम्प. बाबांची सगळी नोकरी खंबाटकी चढण्या-उतरण्यात गेली. बोगद्यातच म्हणाले, "ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर." अगदी तसंच केलं. बोगदा संपण्याआधी वेग कमी, गिअर खाली, आणि ब्रेक लावायचा तो ठामपणे लावून ताशी ४० पर्यंत आणून सोडून द्यायचा. पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. व्हेल पासनंतर परत तसाच उतार आहे. मधे थांबाल तेव्हा ट्रेलरच्या चाकांच्या हबजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम वाटलं, तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ग्लेनवुड कॅनियन सुंदर आहे, आईने खिडकीवरून नजर काढली नाही. फ्रुटाला नदीकाठच्या स्टेट पार्कमध्ये वीज-पाण्याची सोय आहे, पोचल्यावर तिथेच टाकी भरा.

फ्रुटाच्या पुढे युटाचं वाळवंट लागतं आणि आडवा वारा. मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर आधी ढकलला जातो, मग ओढला जातो. डुलायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रकचा ब्रेक जोरात दाबू नका, वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका. खास ट्रेलरसाठी बनवलेल्या बऱ्याच एसटी टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. रस्त्यावर पाटी ८० ची असली तरी आम्ही ६२ वरच होतो.

क्रेसेंट जंक्शनला १८२ नंबरची एक्झिट घेऊन यूएस-१९१ ने मोआब. मोआबजवळच्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये फाटकातून आत शिरताच वळणांचा चढ आहे आणि व्ह्यूपॉइंटच्या पार्किंगमध्ये ट्रेलर वळवायला जागा पुरत नाही. ट्रेलर कॅम्पग्राउंडवर सोडून नुसत्या ट्रकने फिरा.

परतीला रविवार दुपार टाळा, पूर्वेकडची आय-७० तुंबलेली असते आणि उतारावर सतत ब्रेक मारावे लागतात. शेवटचा माउंट व्हर्नन कॅनियनचा ६ टक्क्यांचा उतार डेन्व्हर दिसायला लागल्यावरही संपलेला नसतो. अजून उतार बाकी आहे, असं ट्रकवाल्यांना बजावणाऱ्या पाट्या तिथे मुद्दाम लावल्यात. त्या आपल्यालाही लागू आहेत; शेवटची पाटी मागे पडेपर्यंत गिअर वर जाऊ देऊ नका.