नाचणी टोचेल ना?

“पप्पा, बाळाला नाचणी टोचेल ना?”

काल रात्री नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघायची घाई. घरी मांडलेल्या येशूजन्माच्या देखाव्यात, गोठ्यात बाळ येशू ठेवायचा मान घरातल्या धाकट्याचा, म्हणून मूर्ती लेकीच्या हातात दिली, तर ती ठेवेचना. पंधरा दिवसांपूर्वी गोठ्यात तिनंच पेरलेली नाचणी बोटभर वाढली होती. तिनं तिच्यावरून तळहात फिरवून पाहिला. मग डोक्यावरची लोकरी टोपी काढली, गव्हाणीत अंथरली आणि बाळाला हळूच निजवलं. मान आधी, मग पाय. आजी तान्ह्यांना ठेवते तस्संच.

संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात गोठा मांडला, तो यासाठीच असणार. बाळ जवळून दिसावं, त्याची थंडी आपल्याला वाजावी.

मी मात्र कित्येक वर्षं आईच्या शब्दाखातर मिस्साला जातोय.

काल मिस्सात बायबलमधल्या शुभवर्तमानात ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले’ आलं आणि पोटात कालवलं. लेक खांद्यावर झोपलेली, वसईच्या थंडीत कान गार पडलेले. मी ते तळहातानं झाकले आणि खूप दिवसांनी मनापासून प्रार्थना केली.

टोपी अजून गव्हाणीतच आहे. काढवत नाही.

तुमच्या घरी यंदा बाळाला कोणी निजवलं?